हरळीला अमिनो पाजणारे सर

आमच्या सरांनी आयुष्यात कधी मासा खाल्ला नाही. खाणं सोडाच, अंड्याचं नाव निघालं तरी ते तोंड फिरवायचे. गळ्यात लिंग, सोमवारी एकवेळ जेवण, श्रावणात कांदासुद्धा बंद. आणि तरी दर आठवडी बाजारी, बाजार उठायच्या वेळेला, हा माणूस हातात झाकणाचा प्लास्टिकचा डबा घेऊन मासळीवालीपुढं उभा असायचा. नाकाला रुमाल, मान दुसरीकडं, डबा पुढं. ती बाई त्यात डोकी, खवले, आतडी, जे काय उरलंसुरलं असेल ते ढकलायची आणि म्हणायची, "सर, येक दिवस बघून तरी घ्या काय घिऊन जाताव ते."

सर म्हणायचे, "तू बघितलंस न्हवं? झालं मग."

सगळ्या बाजाराची खात्री होती की सर चोरून खातात. ही बातमी काकूंपर्यंत, म्हणजे सरांच्या मंडळींपर्यंत पोचली. काकू दुसऱ्या दिवशी थेट शाळेत आल्या, मागच्या लिंबाखाली अर्धा पुरलेला निळा ड्रम होता त्याचं झाकण स्वतः उघडलं, आत बघितलं, पदर नाकाला लावला आणि आल्या तशा गेल्या. नवरा खात नाही एवढी त्यांची खात्री पटली. पण तेव्हापासून बाजाराच्या दिवशी सरांचं आंघोळीचं पाणी अंगणात ठेवलेलं असायचं. आधी अंग धुवायचं, मग उंबरा ओलांडायचा.

हे सगळं कशासाठी, तर गवतासाठी. आणि तेही कुठलं, तर हरळीसाठी.

शेतीतल्या माणसाला हरळी काय असते हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडं शेतात हरळी शिरली म्हणजे घरात भांडण शिरलं. नांगरली तरी जात नाही, वेचली तरी जात नाही, बोटभर मुळी मागं राहिली तर पुढच्या सालाला वाफा तिचा. बाया आयुष्यभर खुरपं घेऊन तिच्यामागं लागतात आणि शेवटी तीच उरते. सर ती पोसत होते. तिला खाऊपिऊ घालत होते.

येरमाळ्याच्या अलीकडं आमचं गाव. शाळेचं मैदान निव्वळ मुरूम. त्यावर आम्ही पोरी खो-खो खेळायचो. आमच्या जिल्ह्यात बाकी काही असो नसो, पोरींना खो-खो असतोच. आता खो-खोत सूर मारावा लागतो. पळणारी हाताशी येत नाही असं दिसलं की अंग झोकून द्यायचं आणि बोटांनी तिला टिपायचं. मुरमावर सूर मारला की गुडघे, कोपरं, कधी हनुवटी, सगळं सोलून निघतं. माझी आई हळद लावता लावता म्हणायची, "तुला बघायला येणारे गुडघं बघणार न्हायत, पर मला दिसत्यात की." तिनं मला थांबवलं नाही. बऱ्याच आयांनी थांबवलं. चांगल्या चांगल्या पळणाऱ्या पोरी सोललेल्या गुडघ्यांपायी घरी बसल्या.

संस्थेनं त्या वर्षी काय केलं? शाळेला कमान बांधली. मी आजही त्या कमानीखालून जाते तेव्हा वर बघत नाही. कमानीवरून कुठलीही पोरगी सूर मारत नाही, एवढं साधं गणित संचालक मंडळाला येत नव्हतं.

सर उमरग्याकडचे, कानडी मुलखाला लागून असलेल्या गावचे. रागावले की कानडीत आकडे मोजायचे. आम्ही ओंदु, एरडु, मूरु एवढं त्यांच्याकडूनच शिकलो, आणि मूरुच्या पुढं जाऊ द्यायचं नाही हेही. पण कमानीच्या वेळी ते मोजत बसले नाहीत. सायकलला पोतं बांधलं आणि शिवारात निघाले, ज्याच्या त्याच्या बांधावर जाऊन हरळी मागायला.

गोदामावशी म्हणून एक म्हातारी होती, जन्म खुरपणीत गेलेली. तिच्या पुढ्यात सर पोतं घेऊन उभे राहिले, तेव्हा तिला वाटलं शाळेनं शेरडं पाळली असतील. खरं कळल्यावर तिनं कमरेवर हात ठेवले.

"मास्तर, आमी जलमभर हिला उपटली. आन तुमी पोसायला निघालाव व्हय?"

सर म्हणाले, "मावशे, तुमच्याकडं ती चोर. आमच्याकडं ती गादी."

"न्या बाबा. सगळी न्या. पर परत आणून टाकू नका."

गावानं हसत हसत हरळी दिली. ट्रॉलीच्या ट्रॉल्या दिल्या. फुकट काही देताना आमचं गाव इतकं मोकळं झालेलं मी पुन्हा पाहिलं नाही. आम्ही पोरींनी मुळ्या तोडून ओळीनं लावल्या. लोक म्हणाले खो-खो गवतावर खेळत नसतात, पाय घसरतो. सर म्हणाले, "बघू की." हे त्यांचं सगळ्याला उत्तर. पाऊस पडेल का? बघू की. संघ जिंकेल का? बघू की. तुमच्या मुलाला नोकरी लागली का? त्यालासुद्धा बघू की, जणू अजून निकाल लागायचा आहे.

अमिनो यात कुठून आलं ते सांगते. शाळेत शिक्षक कमी, म्हणून खेळाच्या सरांकडंच आठवीचं विज्ञान. प्रथिनांचा धडा शिकवताना ते सांगायचे की प्रथिन ही माळ आणि अमिनो आम्ल हे तिचे मणी. माळ गिळता येत नाही, मणी गिळता येतात. मग वर्गाच्या पेटीतून भिजवलेले हरभरे काढून मूठमूठ वाटायचे. बऱ्याच पोरी सकाळी काही न खाता आलेल्या असायच्या, हे त्यांना माहीत होतं. कुणालाही न विचारता, न लाजवता, धड्याच्या नावाखाली खायला घालायचे. "हे तुमचं अमिनो," म्हणायचे. आणि खिडकीबाहेर बोट दाखवून, "तिचं त्या ड्रमात."

ड्रमात मासळीचा तो कचरा आणि तेवढाच गूळ. झाकण सैल. महिनाभर मुरला की मासा विरघळायचा आणि काकवीसारखं काळपट पाणी उरायचं. ते चमचाभर झारीत घालून सर हरळीवर शिंपडायचे. वास पहिले काही दिवस असा यायचा की मुख्याध्यापक आपली खुर्ची पुढच्या व्हरांड्यात हलवायचे. मांजरं लिंबाखाली पंगतीला बसल्यासारखी बसायची. पण सर त्या ड्रमाशी जिवंत माणसाशी वागावं तसं वागत. "आज अमिनो नाराज हाय," म्हणायचे, म्हणजे फेस आला नाही. "आज अमिनो बोलायलंय," म्हणजे बुडबुडे आले. पाठीमागं आम्ही त्यांना अमिनो सर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. हजेरी घेताना कुणी पुटपुटलं तर म्हणायचे, "अमिनो सर हजर हाय, तू हायस का?"

आणि हरळी आली. अशी आली की मार्गावरच्या एसटीतून लोक माना वळवायचे. सर रोज सकाळी पायताणं कडेला काढून, पॅन्ट दुमडून तिच्यावरून चालायचे. कुठं टोचलं की तिथं बसायचे, खडा शोधून खिशात टाकायचे. त्यांच्या शर्टाचा खिसा कायम खाली ओढलेला असायचा, शिट्टी आणि खडे यांच्या वजनानं.

येरमाळ्याला देवी येडेश्वरीच्या यात्रेत गाड्यांना जागा पुरत नाही. एका साली जीपवाले थेट आमच्या मैदानाकडं वळले. सर दारात शिट्टी घेऊन उभे. गाड्या त्यांनी फिरवल्याच, पण पायी येणाऱ्यांना अडवणार कसं? मैदानातूनच जवळचा रस्ता. मग त्यांनी सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, पायताणं हातात घ्या आणि मग चला. भाविक माणसं, पायताणं काढा म्हटल्यावर कुणी कारण विचारलं नाही. मुकाट अनवाणी हरळीवरून गेली. एक बाई तर मधे वाकली, गवताला हळद-कुंकू वाहिलं आणि सरांकडं बघून हात जोडले. आम्ही पोरी हसून लोळलो. सर गंभीर. म्हणाले, "दूर्वा म्हणून गणपतीला वाहताव ती हीच. त्या बाईनं ओळखली. तुम्ही दात काढायलाव."

ही झाली गंमत. आता मूळ गोष्ट.

मी शाळा सोडून धाराशिवला कॉलेजात गेले आणि तिथं विद्यार्थ्यांच्या संघटनेत पडले. पत्रकं लिहायला शिकले. पत्रकाची रीत अशी: पहिल्या ओळीत आरोप, मग पुरावा, शेवटी मागणी. मधे कुठं "कदाचित" आला की खोडायचा. कृषी दुकानांत रंगीत बाटल्यांची रांग लागलेली असते, टॉनिकं, संजीवकं, अमिनो. एकेका बाटलीवर वाघ, सिंह, टपोरे द्राक्षाचे घड. आत काय, किती, कशाला, हे विचारलं तर दुकानदार बाटली फिरवून दाखवतो आणि अक्षर असं बारीक की मुंगीनं वाचावं. त्यावर आमची मोहीम होती. सुट्टीत गावाकडं आले की पत्रक आधी सरांना दाखवायचे. सर शिसपेन्सिलीनं जागोजागी "कदाचित" घालायचे. मी घरी येऊन खोडरबरानं पुसायचे.

अशाच एका उन्हाळ्यात अमिनोच्याच एका कंपनीचा पोरगा शाळेत आला. वयानं माझ्याएवढा, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बाटल्यांचं ओझं. कुणीतरी त्याला हिरवं मैदान दाखवलं होतं. मुरमावर, इतक्या कमी पावसाच्या मुलखात, असलं गवत. त्याला त्यावर व्हिडिओ करायचा होता. सरांनी बाटली हातात धरून सांगायचं की ही किमया हिची. बदल्यात कंपनी सगळ्या संघाला मॅटवरचे बूट देणार.

बुटांचं काय ते समजून घ्या, कारण सगळं तिथंच अडलं. जिल्ह्याच्या स्पर्धा आता मातीवर होत नाहीत, मॅटवर होतात. मॅटवर अनवाणी पळालं तर तळवे भाजतात आणि शाळेच्या कापडी बुटात पाय सरकतो. आमच्या पोरींकडं दोन्हींपैकी एकच काहीतरी असायचं. सरांनी बुटांसाठी संस्थेकडं हात पसरले होते, पंचायतीकडं पसरले होते. कमान सगळ्यांना दाखवता येत होती, बूट पोरींच्या पायात जाऊन मळणार होते. कुणी दिले नाहीत. आणि आता हा पोरगा देत होता.

मी चिडले. म्हटलं, सर, हाकला याला. सर म्हणाले, "कशाला हाकलायचं? त्याचं चांगलं आसंल तर? बघू की." आणि त्या पोराला म्हणाले, "मृगापासनं लावतो. पोळ्याला ये. फरक दिसला तर तू म्हणशील ते बोलतो."

पोरगा खूश. मला म्हणाला, "ताई, ताण पडला ना, पाण्याचा, उन्हाचा, की झाडाला अमिनो स्वतः बनवायला लई ताकद घालवावी लागती. आपण तयार देतो." सर मान डोलवत होते. हे तर तेही सांगायचे. दोघं एकाच देवाचे भक्त, फक्त एकाचा देव बाटलीत आणि एकाचा ड्रमात.

सरांनी चुन्यानं मैदानाचे तीन पट्टे आखले. व्हरांड्याकडचा बाटलीचा, लिंबाकडचा ड्रमाचा आणि मधला नुसत्या पाण्याचा. पाणी तिन्हींना त्याच झारीनं. कापणी एकाच दिवशी. पोरींनी तिन्ही पट्ट्यांवर सारखंच खेळायचं म्हणून रोज जागा बदलायच्या. त्या साली पाऊसही मधे चांगला ओढला, म्हणजे ताण पाहिजे तेवढा पडला. पोरींचे तट पडले. निम्म्या म्हणायच्या बाटली जिंकू दे, बूट मिळतील. निम्म्या म्हणायच्या सरांचा ड्रम जिंकू दे. मधल्या पट्टीच्या बाजूनं कुणीच नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो पोरगा कॅमेरा घेऊन आला. निवाड्याला सरांनी गोदामावशीला बोलावलं होतं. कुठल्या पट्ट्यात काय घातलंय हे तिला सांगितलेलं नव्हतं. सर एवढंच म्हणाले, "मावशे, तीन ठिकाणी हरळी हाय. उपटून सांगा, कुठली जास्त चिवट, कुठली जास्त भरलेली."

मावशी खाली बसली. एका पट्ट्यात उपटली, मुळी बघितली, दुसऱ्यात, तिसऱ्यात. परत पहिल्यात गेली. ती गुडघ्यावर हात देत उठली, हात झाडले.

"तिन्ही सारख्याच अवदसा हायत," म्हणाली.

सर स्वतः बसले. गाल जमिनीला टेकवून तिन्ही पट्टे आडवे न्याहाळले. मुळ्या ओढून बघितल्या. मी त्यांचं तोंड बघत होते. बाटली हरली याचा मला आनंद व्हायला पाहिजे होता आणि झालाही होता. पण ड्रमही हरला होता. इतकी वर्षं नाकाला रुमाल लावून आणलेला मासा, पदरचा गूळ, अंगणातली आंघोळ, बाजारातली कुजबुज. सर उठले तेव्हा त्यांच्या गालाला गवताच्या काड्यांचे वळ होते. ते म्हणाले, "व्हय. सारखंच हाय."

कंपनीचा पोरगा गयावया करायला लागला. सर, फक्त "फरक जाणवला" एवढं म्हणा. सर म्हणाले, जाणवला नाही. मग "चांगलं वाटलं" म्हणा. सर म्हणाले, चांगलं तर मला पाण्यानंही वाटतं. शेवटी तो म्हणाला, काहीच बोलू नका, नुसती बाटली धरून हसा. मागं पोरी उभ्या होत्या. सगळ्यांना बूट माहीत होते. सरांनी त्यांच्याकडं बघितलं, पायांकडं बघितलं. मग बाटली त्या पोराच्या हातात परत दिली.

"बाळा, पोरी बघायल्यात," एवढंच म्हणाले.

त्या पोरावर माझा राग नाही. त्याच्या डोक्यावर दुसराच कुणीतरी बसलेला होता. जाताना सरांनी त्याला हरभरे दिले, त्यानं खाल्लेही, आणि उरलेली बाटली तिथंच व्हरांड्यात ठेवून गेला. राग आहे तो असल्या व्यवस्थेवर, जिथं खेड्यातल्या पोरीच्या पायात बूट घालायला तिच्या सरांना खोटं बोलावं लागतं. हे मी तेव्हा लिहिलं होतं, आजही लिहिते.

दसऱ्यानंतर धाराशिवला स्पर्धा झाली. आमच्या पोरी कापडी बुटात खेळल्या. उपांत्य सामन्यात आमची सगळ्यात चपळ पोरगी खांबाजवळ वळताना सरकली आणि बाद झाली. तिथून सामना गेला. मीही त्यांच्याबरोबर गावाकडं निघाले, परतीच्या एसटीत सरांच्या शेजारी बसले होते आणि माझ्या तोंडून निघालंच, "सर, बूट असते तर."

ते म्हणाले, "व्हय. आसते तर."

स्वतःची बाजू मांडली नाही. तत्त्व सांगितलं नाही. मागच्या बाकावर ती सरकलेली पोरगी झोपली होती. मधेच सरांनी उठून तिची मान नीट केली आणि परत येऊन बसले.

मी आजही म्हणते की त्यांनी त्या दिवशी बाटली धरून हसायला हवं होतं. एवढंसं हसू, आणि बूट. मी त्यांच्या जागी असते तर हसले असते आणि दुसऱ्या दिवशी पत्रक काढून कंपनीची लक्तरं काढली असती. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू तसं करशील. तुला जमंल." यात टोमणा होता की आशीर्वाद, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पत्रक मी काढलंच. मथळा होता: बाटली हरली. सरांनी वाचलं आणि पेन्सिल मागितली. या वेळी "कदाचित" घातला नाही. मथळ्याखाली लिहिलं, "आणि आमचा ड्रमही." मी म्हटलं, सर, असं लिहिलं तर पत्रकाची धारच जाती. लोक म्हणतील मग काय उरलं? ते म्हणाले, "पाणी उरलं. कापणी उरली. रोज खडे वेचणं उरलं. ते लिही." वर हेही लिहायला लावलं की ही गोष्ट ह्या मैदानाची, ह्या हरळीची, ह्या सालाची. दुसऱ्याच्या द्राक्षाला बाटली लागू पडत असेल तर त्यानं स्वतःच्या रानात पट्टे आखून बघावं. आमच्या संघटनेत त्या पत्रकाला कुणी धड हात लावला नाही. पण आजूबाजूच्या गावांतले शेतकरी ते घडी करून खिशात घालून मैदान बघायला यायचे. सर त्यांना तिन्ही पट्ट्यांवरून अनवाणी चालवायचे. कुणी विचारलं, मग बाटली घेऊ का नको, तर ठरलेलं उत्तर मिळायचं.

दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी मी मैदानावर गेले. सर एकटेच होते. ड्रम उकरून बाहेर काढलेला. आत तळाशी शेवटचा काढा होता. शेजारी झारी, आणि कंपनीच्या पोरानं ठेवलेली ती बाटली. मला वाटलं गटारात ओतायला निघालेत. म्हटलं, सर, द्या, मी टाकून येते.

"टाकायचं कशाला?"

त्यांनी झारीत पाणी भरलं, ड्रमातलं काळं पाणी त्यात घातलं, बाटलीतलंही घातलं, काडीनं हलवलं. मग पायताणं काढली आणि मधल्या पट्टीवर गेले. एका टोकापासून शिंपडायला सुरुवात केली, सावकाश, काही सुटू नये अशा बेतानं. मी कडेवरून ओरडले की सर, तुम्हीच तर सिद्ध केलं ना, ह्यानं काही होत नाही म्हणून?

ते वळले नाहीत. झारी पुढं सरकत होती.

"व्हय गं. पर आख्खा मोसम दोन्हीकडच्यांना मिळालं, हिला न्हाय," ते म्हणाले. "मधेच बसून बघत व्हती बिचारी."